राजेसाहेबांच्या हातचे सार

सिंदहळ संस्थान,
१२ जानेवारी १९२७

ती. गंगाधर दाजींच्या चरणी कमलाकरचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी येथे सुखरूप पोचलो. अक्काला सांगावे की तिच्या भावाने अजून राजवाड्यातले पाणीसुद्धा तोंडाला लावलेले नाही.

तुम्ही सोलापुरास कचेरीत बसून ज्या विषप्रयोगाचे कागद चाळता, त्यातले आरोपी आज प्रत्यक्ष पाहिले. तांबारलेल्या डोळ्यांचा कोणी उग्र पुरुष भेटेल अशी माझी समजूत होती. भेटले ते कमरेला पंचा गुंडाळून वांगी चिरत बसलेले साठीचे राजेसाहेब. मला पाहताच त्यांनी कानडीत जेवण झाले का म्हणून विचारले. अशा माणसाच्या तोंडून हा प्रश्न ऐकून माझ्याबरोबरचा पट्टेवाला दोन पावले मागे सरला.

घडले ते असे. दिवाणांनी भर दरबारात संस्थानची म्हातारी हत्तीण विकून टाकायचे सुचवले. राजेसाहेब भयंकर संतापले. संध्याकाळी राग निवळल्यावर समेटासाठी त्यांनी दिवाणांना स्वतः रांधून जेवू घातले. दिवाण ओकून ओकून मरणाच्या दारातून परत आले आणि त्यांनी सरकारात फिर्याद केली.

स्वयंपाक हा राजेसाहेबांचा जुना नाद. हुजऱ्या शिवशरण माझ्या कानाशी लागून म्हणाला की धन्याच्या हातचं लई वंगाळ असतंय, पर सांगायचं कुनी. राजेसाहेब जबानी द्यायला तयार आहेत. अट एकच, आधी त्यांच्या पंक्तीला बसायचे. काय करावे ते परतटपाली कळवावे. प्रभाला मामाचा गोड पापा. आहे तसा लोभ राहू द्यावा.

आपला,
कमलाकर

---

सोलापूर,
१६ जानेवारी १९२७

चि. कमलाकर यास गंगाधराचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र तुझ्या अक्काने आधी वाचले, प्रभाला वाचून दाखवले, आणि मग माझ्या हाती पडले. जेवू नकोस, असा तिचा निरोप आहे. पोटदुखीचे सोंग कर म्हणते. चौकशीला गेलेल्या माणसाने पोटदुखीचे सोंग केले तर काय गहजब होईल हे तिला समजावता समजावता माझा चहा निवाला.

आता खाजगी. आमच्या साहेबांचा कल स्पष्ट दिसतो. राजेसाहेबांना बाजूला सारून कारभार दिवाणांच्या हाती द्यावा, असे त्यांच्या मनात आहे. तुझे नाव मामलेदारीसाठी वर गेले आहे हे विसरू नकोस. अहवालात संशयास जागा आहे एवढे लिहिलेस तरी पुरे. खोटे लिही असे मी म्हणत नाही. फार खरे लिहू नकोस, इतकेच.

हे पत्र वाचून फाडावे. तुझी अक्का म्हणते, इतक्या सुवाच्य अक्षरातले पत्र फाडायला सांगणारा माणूस नक्की काहीतरी वावगे सुचवत असणार. तब्येतीस जपावे. आमची माया आहेच.

तुझा,
गंगाधर

---

सिंदहळ संस्थान,
२४ जानेवारी १९२७

ती. दाजींस सा. न. वि. वि.

जेवलो. अक्काला हे बेताबेताने सांगावे.

वांग्याची भाजी होती आणि चिंचेचे सार. राजेसाहेब स्वतः वाढत होते आणि माझ्या तोंडाकडे पाहत होते, म्हणून मी सार पुन्हा मागून घेतले. संध्याकाळपर्यंत माझा दिवाण झाला. चौकशीसाठी परवाच येथे तळ ठोकलेल्या आपल्या साहेबांच्या तंबूकडे शिवशरण धावत निघाला, त्याला मी पडल्या पडल्या धोतराचा सोगा धरून थांबवले. ही बातमी बाहेर गेली असती तर राजेसाहेबांवर दुसरा विषप्रयोग लागला असता.

उठता येऊ लागल्यावर थेट मुदपाकखाना गाठला. सार ज्या पातेल्यात होते ते तांब्याचे, राजेसाहेबांच्या वडिलांचे, कोणालाही हात लावायची परवानगी नसलेले. कल्हई केव्हाच उडालेली. आत हिरवा कीट. आंबट सार त्यात राहून चांगले कळकले होते. राजेसाहेबांना वैद्यांनी आंबट वर्ज्य केलेले, त्यामुळे त्यांनी स्वतः ते कधी चाखलेच नव्हते.

मी त्यांना तसेच सांगितले. त्यांनी विचारले की फक्त सार वाईट होते की भाजीही. मी म्हटले, भाजीही. त्यावर ते म्हणाले की इतकी वर्षे सगळे वाहवा करत उठले, एकानेही तोंड उघडले नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. मला दुखण्यापेक्षा ते जास्त लागले.

साहेबांनी मात्र मानले नाही. पातेले काय कोणीही आणून दाखवील, म्हणाले. तेव्हा राजेसाहेबांनी त्यांच्यादेखत सार केले, दुपारपर्यंत साहेबांच्याच पहाऱ्यात त्या पातेल्यात राहू दिले, आणि वाटी भरून पिऊन टाकले. मी हात धरायला गेलो. ते म्हणाले, गादी गेली तर जाऊ द्या, पण पाहुण्याला जेवायला बसवून मारले असे माझ्या माघारी कोणी म्हणायला नको.

मग व्हायचे ते झाले. एका क्षणी तर त्यांच्या तोंडाशी ओकायचे तस्त साहेबांनीच धरले होते. डॉक्टर म्हणतात, जीव वाचला, पण थोडक्यात.

मी अहवालात विषप्रयोग झालेला नाही असे लिहिले आहे. तुमचा सल्ला मोडला, राग धरू नये. पत्र मात्र फाडले.

आपला,
कमलाकर

---

सोलापूर,
१९ फेब्रुवारी १९२७

चि. कमलाकर यास आशीर्वाद.

मुंबईहून रसायन-परीक्षकांचा निकाल आला. दिवाणांच्या ताटातल्या उरलेल्या सारात तांबे सापडले, दुसरे कोणतेही विष नाही. तरीही साहेबांनी तुझा अहवाल माझ्यापुढे टाकून शेवटचा परिच्छेद जरा सौम्य करून आणा म्हणून फर्मावले.

मी कागद घरी आणला. टाक बुडवला, पुसला, पुन्हा बुडवला. तुझी अक्का समोर गहू निवडत होती आणि चकार शब्द बोलत नव्हती. आमच्या घरात असे होत नाही, हे तू जाणतोस. शेवटी मी खाली सहमत असे लिहून सही ठोकली. साहेबांनी ती सही बराच वेळ पाहिली आणि कागद मुंबईस रवाना केला.

राजेसाहेब गादीवर राहतात. दिवाण लांबच्या रजेवर गेले. मामलेदारीच्या यादीत तुझे नाव नाही, तुला सांगोल्यास कारकुनीवर पाठवत आहेत. तिकडचा मुलूख दुष्काळी, पाणी जपून वापरायची सवय आतापासून लाव.

माझ्या बदलीचा हुकूम अजून निघालेला नाही, पण तुझ्या अक्काने ट्रंका उन्हात टाकल्या आहेत. शेजारच्या सुंदरम्मांनी कुठे निघालात म्हणून विचारले, तर तिने मान ताठ करून सांगितले की ठाऊक नाही.

तुझा,
गंगाधर