टाकी सातमधले निरोगी मासे

३ जानेवारी, सकाळी ९
ही जाऊन आज बावीस दिवस. कामावर हजर झालो. लॅबमध्ये सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. कारण कळलं नाही. मी ठणठणीत आहे.
झेब्राफिशच्या दोनशे दहा ताज्या अंड्यांना इंजेक्शन दिलं. हिच्या माहेरच्या कॅन्सरचा दोष या माशांमध्ये जन्मतःच असतो. गाठी वाढवणाऱ्या ज्या जनुकावर माझा संशय आहे, ते कायमचं बंद केलं. आता गाठी येणार नाहीत.

५ जानेवारी
लेक म्हणाली, बाबा, टेस्ट करून घेते. आईतला दोष माझ्यातही असेल तर? म्हटलं, घाई काय आहे? माझा रिझल्ट येऊ दे, मग भ्यायचं कारणच नाही. म्हणाली, आधी मासे, मग मी का? प्रश्नच चुकीचा होता.

२० एप्रिल
इंजेक्शन दिलेले मासे टाकी सातमध्ये मोठे झालेत. एकाच्या पाठीवर काळी गाठ. नियम असा: मोजायचा, नोंदवायचा, भूल देऊन मारायचा. पण हा मुळातच अशक्त होता. अशक्त मासा प्रयोगात धरणं बरोबर नाही. खिडकीजवळच्या टाकीत हलवला. तात्पुरता.

२१ एप्रिल
झोप उत्तम. अडीच तास.

११ मे
आणखी एकोणीस अशक्त निघाले. टाक्या धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, साहेब, माशांचं सॅनेटोरियम काढलंत का? बाईंना संशोधनातलं काय कळणार!

२ जून
टाकी सात: गाठी शून्य! लेकीला फोन केला. खरंच ना बाबा, म्हणाली. म्हटलं, येऊन बघ. तिने टेस्टची अपॉइंटमेंट रद्द केली.

९ जून
लॅबच्या प्रमुख मॅडम रिझल्ट बघायला आल्या. म्हणाल्या, अठ्ठ्याऐंशी मासे मोठे झाले ना? इथे सदतीसच आहेत. मावशींनी खिडकीकडे बोट दाखवलं. मॅडमनी स्वतः मोजले. एक्कावन्न. तुलनेसाठी ठेवलेल्या, इंजेक्शन न दिलेल्या माशांच्या टाकीतही गाठींचं प्रमाण तेवढंच. म्हणजे जनुक बंद करून काहीच फरक पडलेला नाही.
मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही इतक्या लवकर कामावर यायलाच नको होतं.

१६ जून
लेकीबरोबर टेस्टला गेलो. आधी फॉर्म. कुटुंबात हा आजार किती जणांना? मी लिहिलं, एक. लेकीने माझ्या हातातून पेन घेतलं. म्हणाली, बाबा, आजी? मामा? खोडून तीन केलं.
पुढचा रकाना: त्यांपैकी हयात किती?
तो तिनेच भरला.