साफ नाकाचा दाखला

बेसा, नागपूर
१२ मे

सौ. शोभाले मधुदादाचा आशीर्वाद. अकोल्याच्या उन्हात जितका टिकेल तितका टिको. जावईबापूंचे गुडघे, तुझं डोकं आणि दारची तुळस ठीक असतील अशी आशा आहे.

इकडची आनंदाची बातमी अशी की माझं नाक साफ आहे. मी नाही म्हणत. धंतोलीच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरनं दुर्बीण घातली, स्कॅन पाहिला आणि म्हणाले, काका, एवढं साफ नाक या महिन्यात पाहिलं नाही. (बाहेर पार गडचिरोलीपासूनचे तीस पेशंट बसले होते. त्यांच्यात माझंच.) छाती फुगली. मोठ्या ऐटीत तुझ्या कामिनीवहिनीकडे पाहिलं, तर ती म्हणे, "मग अठरा वर्षं कूलर काहून बंद होता?"

तुले तर ठाऊकच आहे. अठरा वर्षांआधी मे महिन्यात माझं कपाळ ठणकलं, नाक वाहिलं, कान गच्च झाला. मी बसल्या जागी ओळखलं, सायनस. कोणाले विचारायची गरज पडली नाही. कूलरची गार हवा त्याच दिवशी बंद केली आणि नागपुरात नुसत्या पंख्याखाली अठरा उन्हाळे काढले. (असा माणूस दुसरा दाखव.) अर्ध्या बेसाले वाफारा घ्यायले मीच शिकवलं.

डॉक्टरनं विचारलं, दुखते केव्हा? म्हटलं, चतुर्थीच्या उपासाले, नाही तर उन्हातून आल्यावर. उजेडही सहन होत नाही. ते म्हणाले, हे मायग्रेन आहे. उपाशी राहिलं, ऊन लागलं की उठते. त्यातही नाक वाहते, कान गच्च होते, चक्कर येते, म्हणून बरेच लोक सायनस समजून बसतात. (म्हणजे माझी चूक काही साधीसुधी नव्हती.) कूलरचा त्यात काहीच दोष नव्हता, दोष गर्मीचा होता. कामिनी हे सगळं ऐकून राहिली होती. घरी आली, बॅग भरली आणि वाडीले बहिणीकडे निघून गेली. आज नऊ दिवस झाले. मी खिचडी शिकलो, फार उत्तम होते.

तुझा,
मधुदादा

ता. क. : तिच्या बाबांनी लग्नात दिलेला तो लोखंडी कूलर मी तिले न विचारता तुले देऊन टाकला होता, तो आहे ना? नवा आणतो म्हटलं तर म्हणे, माझ्या बाबांचाच पाहिजे, तो खिडकीत बसला की येईन. जावईबापूंले सांगून टेम्पोत टाक. खिचडी रोज करपते.

आणखी ता. क. : तुझंही डोकं चतुर्थीलेच दुखते ना? कूलरनं सायनस झाला म्हणून मीच तुले सांगितलं, आणि माझं ऐकून तूही दोन वर्षांपासून तो बंद ठेवला. चुकलो वं शोभा. आधी डॉक्टरले दाखव. तुले नवा कूलर मी घेऊन देतो. तो जुना तेवढा पाठव. कामिनीशिवाय करमून नाही राहिलं.