सत्तेचाळिसावा दिवस

मिसाका,
५ ऑक्टोबर १९७२

चि. यासुनो हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी ओसाकाला सुखरूप पोचलात, एवढं कळवायलाही तुला चार दिवस पुरले नाहीत. म्हणून मीच लिहिते. ह्यांचं एकोणपन्नासाव्या दिवसाचं कार्य तुम्ही आल्यामुळे नीट पार पडलं. तुम्ही गेलात आणि घर एकदम मोठं झालं.

आज सकाळी वर, बाळंतपणं सांभाळणाऱ्या कोयासुदेवीला जाऊन आले. गावात बाळंत होणारं कुणी उरलेलं नाही, त्यामुळे वाटेवर गवत कमरेएवढं. देवळाच्या छपरावर शेवाळ, घंटेचा दोर विरलेला. पण देवी आपलीच. हात-तोंड धुतलं, दोनदा वाकले, दोन टाळ्या वाजवल्या आणि स्पष्ट सांगितलं, माझ्या भाचीची दोन गेली, हे तिसरं तरी तिच्या पदरात राहू दे. मग ओट्याखालच्या दगडांतला एक उचलला. तो सोबत पाठवतेय. नात्सुहोच्या उशाशी ठेव. सुटका झाली की हा परत आणायचा आणि बरोबर एक नवा, त्यावर बाळाचं नाव लिहून. तुझ्या वेळी मीच आणला होता, विसरली असशील.

पोस्टातल्या बाई दगड पाहून हसतील म्हणून वर चेस्टनट भरलेत. ते जावईबापूंना दे, तू खाऊ नकोस. तुझं पोट मला माहीत आहे.

माया आहे तशीच ठेव, ही विनंती.
तुझी किनुएताई


मिसाका,
९ ऑक्टोबर

यासुनो, आशीर्वाद.

तो दगड नात्सुहोला दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर काढून घे.

आज शेजारची तोमे दारात येऊन सांगून गेली, "तुझं सुतक काल फिटलं, आता ये देवळात झाडायला." माझ्या हातातले तांदूळ धुवायचे तसेच राहिले. सुतकाचे पन्नास दिवस काल पुरे झाले, म्हणजे मी देवळात गेले तो सत्तेचाळिसावा दिवस! कार्य आपण रविवारी अलीकडे ओढून घेतलं, भटजी जेवून गेले, ह्यांच्या फोटोखालचं पांढरं कापड निघालं, आणि माझ्या खुळ्या डोक्याने धरलं की सगळं संपलं.

सुतकात देवळाच्या कमानीखालून जाऊ नये, हे आपल्याला चालता यायला लागल्यापासून ठाऊक. मी नुसती गेले नाही गं, देवीची वस्तू उचलून आणली आणि पाठवली ती त्या पोरीच्या उशाशी. तिला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? पत्र मिळताच उत्तर लिही.

किनुए


ओसाका,
१२ ऑक्टोबर

ती. ताईस,
यासुनोचा नमस्कार.

आधी स्वतःला बोल लावणं थांबव. कार्य रविवारीच घ्या, हा हट्ट माझा होता. आमच्या ह्यांना इतर कुठल्या दिवशी दुकान बंद ठेवता येत नाही, म्हणून भावजींचे दिवस मी आखडून घेतले. दोष असलाच तर अर्धा माझा.

दगड तुझ्या दुसऱ्या पत्राआधीच तिच्या उशाशी गेला होता. डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायला मनाई केली आहे, ते तुला माहीतच आहे. सात महिने ही मुलगी पोटाला हात लावायला भीत होती. दगड उशाशी आल्यापासून पोटाशी बोलते. मी तो काढायला दोनदा खोलीत गेले आणि दोन्ही वेळा नुसती खिडकी लावून परत आले. काय सांगून काढू?

तुझं पत्र मी शिवणाच्या डब्यात तळाशी दडवलंय. आपण दोघींनी गप्प बसायचं. मलाही धाकधूक आहे, नाही असं नाही.

लोभ आहेच, आता थोडा धीरही धर.
यासुनो


ओसाका,
११ डिसेंबर

ती. किनुएमावशीस,
नात्सुहोचा साष्टांग नमस्कार.

मुलगी झाली. काल पहाटे, तीन किलोला थोडी कमी, आणि आवाज थेट आईचा. आम्ही दोघी छान आहोत. हे दोनदा वाच, मग पुढे जा.

आईने तुझं पत्र शिवणाच्या डब्यात लपवलं. दिवसभर अंथरुणावर पडलेली बाई झबल्यांशिवाय दुसरं काय शिवणार, हे तिच्या ध्यानात आलं नाही. ते मला ऑक्टोबरातच सापडलं. वाचून मी इतकी घाबरले, की डॉक्टरांची मनाई विसरून उठले आणि दगड उचलून दाराबाहेर ठेवला. अर्धा दिवस तो बाहेर आणि मी आत, रडत.

मग मला काका आठवले. गेलेला माणूस एकोणपन्नास दिवस घराच्या छपराखालून हलत नाही, असं लहानपणी तूच सांगायचीस. म्हणजे तू देवळात निघालीस तेव्हा काका घरीच होते. दुखऱ्या गुडघ्याची बायको तो डोंगर एकटी चढतेय, हे त्यांनी कधी चालू दिलं असतं का? कुरकुरत का होईना, मागोमाग आलेच असणार. तू आणखी तीन दिवस थांबली असतीस, मावशी, तर एकटी गेली असतीस.

मी दार उघडलं आणि दगड आत घेतला.

वसंतात दोन्ही दगड घेऊन येतो. तुझ्या मायेत मला जेवढी जागा होती, तेवढीच आता आम्हा दोघींना दे.

तुझी,
नात्सुहो