सगळ्यांच्या आधी लागलेलं व्हायोलिन

बाबा, परवा पोळ्या लाटताना मोबाईलवर तुमचं ते गाणं लागलं आणि बंद करायला कुणी उठलंच नाही. नवीन पनवेलच्या घरात रेडिओवर ते लागलं की तुम्ही ताटावरून उठायचात. एकदा मी कारण विचारलं, तर उत्तर आईनं दिलं, "अगं, सिनेमाचं रेकॉर्डिंग होतं. एका जागी सगळी व्हायोलिनं थांबतात, तिथं हे एकटेच आधी सुरू झाले. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता, तसंच राहिलं." तुम्ही मान खाली घालून आमटी भुरकत होता.

"वीस व्हायोलिनं एकासारखी वाजायला हवीत. तुझं वेगळं ऐकू आलं, तर चुकलं समज," असं मला व्हायोलिन शिकवताना रागावायचात. मी मुलखाची हट्टी, वेगळं ऐकू येण्यासाठीच बनलेली इलेक्ट्रिक गिटार घेतली. खारघरला कॉलेजात आमचा पहिला शो झाला, तेव्हा कानात कापसाचे बोळे घालून तुम्ही पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसलात. रिक्षात म्हणालात, "चौघं वाजवणारे आणि चौघंही नवरदेव! वऱ्हाडी कुणी व्हायचं?" तेव्हा मी फुगून बसले होते. आता वाटतं, खरंच बोललात. आमचा आवाज बटण फिरवलं की वाढतो. तुमचा वाढायचा तो वीस जणांनी एकाच वेळी हात सैल सोडला म्हणून. पण आमच्यात एखादा अडखळला, तर बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. तुमच्यासाठी पुन्हा घ्यायला कुणी थांबलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तुम्ही गेल्यावर तुम्ही वाजवलेली सगळी गाणी मी कान देऊन ऐकली. तुम्ही कुठंच सापडला नाहीत, इतकं चोख काम केलंत. फक्त त्या एका गाण्यात सगळं शांत होतं आणि कुणाच्याही आधी एक बारीक स्वर येतो. अर्धा श्वास, बस. मग बाकीचे येऊन मिळतात आणि तुम्ही पुन्हा हरवता. परवा तो पुन्हा ऐकला आणि लाटणं हातात धरून मी रडले, बाबा.

हल्ली ते गाणं आम्ही गिटारवर वाजवतो. त्या जागी मी दर शोला आधी घुसते आणि आमचा ड्रमर वैतागतो, "ताई, काउंट कर ना यार! दरवेळी तिथंच कशी चुकतेस?" मी सॉरी म्हणते.

हे पत्र गिटारच्या केसमध्येच राहील. ड्रमरला अजून काही सांगितलेलं नाही, पण मोजता मला नीट येतं, बाबा. तुम्हीच शिकवलंत.