भुरीची गळती

ओरोरू, दक्षिण ऑस्ट्रेलिया
ता. ७ जुलै १९९१

ति. नोलाताईस,
लिंडसेचा सा. न. वि. वि.

तू टास्मानियाहून पाठवलेला सफरचंदाचा मुरंबा वाटेतच फुटला. मी पुठ्ठा चाटला, खोटं कशाला सांगू.

आईला डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की नजर उन्हाळ्यापर्यंत टिकली तर नशीब. तिने ऐकून घेतलं आणि एकच मागणं मागितलं. टॅलो क्रीकच्या आपल्या जुन्या घरापुढचं बदामाचं झाड फुललेलं बघायचं. म्हणजे फार तर महिनाभराचा अवधी. तेही जायचं बाबांच्या जुन्या भुरीतूनच. मी माझी नवी गाडी पुढे केली, तर म्हणाली की या डबड्यात बसून मी माझ्या दारात जाणार नाही, ज्या गाडीने घर सोडलं तिनेच नेशील तर ने.

बाबा गेल्यापासून भुरी शेडमध्ये झाकूनच होती. पहिल्या फटक्यात सुरू झाली! पण इंजिनाच्या मागच्या तोंडातून, जिथे मुख्य दांडा बाहेर येतो तिथून, तेलाची धार लागली. ते तेल क्लचवर जातं आणि क्लच घसरतो. स्मशानाचा चढसुद्धा चढली नाही, मग टॅलो क्रीकच्या वाटेवरचा घाट कुठला चढणार? तिथलं तेल अडवणारं दोरीचं सील बदलायला घेतोय.

तुझा लोभ आहे तसाच असू दे, भुरीसारखा गळू देऊ नकोस.
लिंडसे

---

लाँसेस्टन
ता. १२ जुलै

चि. लिंडसेस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आईसाठी जीव कासावीस झाला आणि तुझ्या हातात पाना आहे हे वाचून भुरीसाठी. लहानपणी तू खोललेलं घड्याळ अजून सुट्या भागांतच आहे, आठवतं ना?

मला एक कळत नाही. भुरी कधीच गळत नव्हती. प्रत्येक जत्रेत बाबा तिच्याखाली आईचं पांढरं टेबलावरचं कापड अंथरून लोकांना दाखवायचे. बाकीच्यांच्या गाड्यांखाली गळतं तेल झेलायला वाळूचे डबे असायचे आणि आपले बाबा छाती फुगवून फिरायचे. ती एकाएकी का गळेल? खोलण्याआधी नीट बघ. पण तू कुणाचं ऐकलंयस कधी!

आईला माझा पापा दे. तुझ्यावर माया आहेच, ती तुझ्या कर्तबगारीवर अवलंबून नाही.
नोला

---

ओरोरू
ता. १९ जुलै

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी जीभ काळी आहे. दुकानातलं नवं सील तेलात भिजवून, गुळगुळीत दांडक्याने खाचेत दाबून दाबून बसवलं, टोकं केसभर वर ठेवून कापली. एक धागा मध्ये अडकू दिला नाही. तरी धार आधीपेक्षा मोठी! घाटाखालीही पोचलो नाही आणि नवं सील बाहेर ढकललं गेलं. आई रोज विचारते, बदाम फुलला असेल का रे म्हणून. मी तोंड लपवतो.

पण मी लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. जुनं सील काढलं आणि हातातला पाना खाली ठेवून दिला. ती दुकानातली दोरी नव्हतीच. ती वेणी होती, ताई. चार पदरांची, हाताने घातलेली, काळी कुळकुळीत, आणि दांड्याकडची बाजू आरशासारखी चकचकीत. एका पदरात निळा धागा अजून दिसतो. एवढी वर्षं तो दांडा हिच्यावर घासत गरगर फिरला आणि हिने थेंब बाहेर जाऊ दिला नाही. मी जन्मभर इंजिनं उघडली, असलं काही पाहिलं नाही. बाबांना तर बुटाची नाडीसुद्धा धड बांधता येत नव्हती. मग हे केलं कुणी?

तुकडा सोबत पाठवतोय. तुझा लोभ वाढावा, म्हणजे टोमणे कमी होतील.
लिंडसे

---

लाँसेस्टन
ता. २४ जुलै

चि. लिंडसेस,
अ. उ. आ.

तुकडा पाकिटातून बाहेर काढला आणि खिडकीपाशी नेऊन उलटसुलट करून पाहिला.

ही माझी वेणी आहे. म्हणजे माझ्या केसांची नव्हे रे, पण वीण तीच. शाळेच्या सुट्टीत घरी आले की आई रोज सकाळी चार पदरांची वेणी घालायची, तिसरा पदर दोनदा खालून घ्यायची. दुसऱ्या कुठल्याच मुलीची तशी नसायची. खात्री करायला मी आरशाकडे पाठ करून स्वतःचे पांढरे केस विंचरले. कशी घालायची ते डोक्याला आठवेना, बोटांना आठवलं. पुढे घेऊन तुझ्या तुकड्याशेजारी धरली. वीण विणीला जुळली!

लिंडसे, लोखंडाच्या पोटात आपल्या आईची वेणी, आणि आपण सगळे तिच्यावर बसून फिरत होतो. तिला विचार. आजच विचार.

तुझी ताई, आज टोमणा सुचत नाही
नोला

---

ओरोरू
ता. २९ जुलै

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. ती आधी हसली. मग म्हणाली की हो, मीच. त्यात काय एवढं?

तू तेव्हा ॲडलेडला शाळेत होतीस आणि बाबा मेंढ्यांचे कळप घेऊन लांब गेले होते. भुरीचं सील फाटलेलं, नवं यायचं होतं. पहाटे माझ्या पोटात कळ उठली आणि मी लोळायला लागलो. दवाखाना घाटापलीकडे. आईने कंदिलाच्या चार वाती काढल्या, वेणी घातली, मेंढीच्या चरबीत आणि लोखंडी चुलीला लावायच्या काळ्या पॉलिशमध्ये मळली. गाडीखाली झोपून तेलाची टाकी उतरवली, कुंपणाच्या तारेने वेणी दांड्याभोवती ओढून घेतली, क्लच पेट्रोलने धुतला आणि मला मागच्या गादीवर टाकून घाट चढली. डॉक्टर म्हणाले होते की अजून उशीर झाला असता तर मुलगा हाती लागला नसता.

पोटावरचा वण मी रोज आंघोळीला बघतो. मला वाटायचं, बाबांनी नेलं.

इतकी वर्षं गप्प का राहिलीस म्हटलं, तर म्हणाली की ह्यांनी परत येऊन गाडी कोरडी पाहिली, आपल्याच हाताला यश आलं समजून गावभर फुशारकी मारली, माणूस एवढा खूष, त्यात विरजण कशाला घालायचं?

आता हस मला. वेणीचा काहीच दोष नव्हता. इंजिनाच्या श्वासाच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. आतली हवा कोंडली आणि तेलाला ढकलत राहिली. दुखणं रेड्याला, औषध पखालीला! चांगली वेणी मी माझ्या हाताने उपसून काढली. नळी आता साफ आहे. दुसरं सील दुकानातून मागवता येईल, पण मला ते नको. तू घालशील का वेणी? बदाम फुलल्याचं काल एकजण सांगत होता.

तुझ्या मायेचा भुकेला,
लिंडसे

---

लाँसेस्टन
ता. २ ऑगस्ट

चि. लिंडसेस,
अ. उ. आ.

वेणी सोबत आहे. निळ्या धाग्याच्या वाती इथे चर्चच्या बाजारात मिळाल्या. तीनदा उसवून घातली. फुलं गळायच्या आत ने तिला. यापुढे महिन्यातून एकदा तरी भुरीला फिरवून आण आणि नळीला जाळी लाव.

आशीर्वाद वेणीतच गुंफलाय.
नोला

---

ओरोरू
ता. १२ ऑगस्ट

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

वेणी आधी आईच्या हातात दिली. तिने डोळे मिटून बोटं फिरवली आणि सगळी उसवली. मग पुन्हा घातली, एकदाही न अडखळता. नोलाला सांग, म्हणाली, तिसरा पदर ढिला ठेवतेस, लहानपणापासूनची खोड. तेव्हा राग मानू नकोस, वाती तुझ्या आणि वीण तिची.

काल गेलो. भुरी घाट एका दमात चढली. माथ्यावर आईने थांबवायला लावलं आणि खाली झोपून बघ म्हणाली. मी झोपलो. पाठीला खडे टोचत होते, डोक्यावर इंजिनाची ऊब होती. आणि एकदम लक्षात आलं, की त्या पहाटे आई घरापुढे अशीच भुरीखाली पडली होती आणि मी व्हरांड्यात कण्हत होतो. माझं कण्हणं ऐकत ऐकत तिने ती वेणी ओढून घेतली असेल, ताई. मला रडू आवरेना. ती वरून विचारत होती की गळतंय का रे. शेवटी म्हटलं, इंजिन कोरडं आहे.

झाड पांढरं झालं होतं. आईला दिसलं.

पुढच्या बहराला तू ये. तुझ्या लोभाला आजवर कधी सील लागलं नाही, पुढेही न लागो.
लिंडसे