पुनावळ्याच्या लॉनची खुरपणी

तीर्थस्वरूप कोंडीराममामा यांस,

गोरक्षचा साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून लिहितोय, पण मनाने आडवा पडलोय असं समजावं.) तुमचा गुडघा, मामींचं पित्त आणि नव्या गाईचं लाथा झाडणं, या तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा करतो. आम्ही पुनावळ्यात सगळे खुशाल आहोत, निदान कालच्या सोसायटीच्या मीटिंगपर्यंत होतो. फोन सोडून हा पोरगा पत्र का लिहीत बसला, असं वाटेल. पण फोनवर तुमचं नाव जरी निघालं तरी आई गॅस बारीक करून ऐकते, आणि हे सगळं तिच्याबद्दलच आहे.

तिने तुम्हाला ‘मला न्यायला ये’ असा निरोप धाडला आणि तुम्ही रविवारी टेम्पो घेऊन निघताय, हे तेजलकडून समजलं. (सासू-सुनेत गुपितं राहत नाहीत, माझ्यापासून मात्र सगळी राहतात.) दिवाळीला मी आईला मोठ्या हौसेने इकडे आणली. पण तिसऱ्या मजल्यावर ती करणार काय? भांड्यांना बाई, कपड्यांना मशीन, भाजी दारात. दिवसभर खिडकीशी बसायची, अर्धी भाकरी खायची, आणि ‘मी काय आजारी हाय का रं?’ एवढंच विचारायची. तेव्हा तुमचं येणं रास्तच आहे. माझी विनंती इतकीच, की रविवारची वाट बघू नका, शनिवारीच या. शुक्रवारी जमलं तर सोन्याहून पिवळं. कारण काय घडलं ते सांगतो.

आमच्या सोसायटीच्या अध्यक्ष विजयश्रीबाई. हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि माणसाशी बोलतानाही मागे पडदा लावून तक्ता दाखवताहेत असं वाटतं. गेल्या वर्षी त्यांच्या मनात आलं, की दोन इमारतींच्या मधल्या मातीत लॉन हवं. नर्सरीवाल्याने सतरंजीसारख्या गुंडाळ्या करून गवत आणलं, बर्म्युडा म्हणून. मी वाकून बघितलं आणि मामा, हसू दाबता दाबता पोटात कळ आली. हरळी! आपली, बांधावरची, सात पिढ्यांच्या शिव्या खाल्लेली हरळी, चक्क टेम्पोत बसून, पाणी मारत आणलेली. (गणपतीत हिच्याच जुड्या बांधून आपण हात जोडतो आणि चतुर्थी सरली की खुरपं घेऊन मागे लागतो, तो भाग वेगळा.) बोलणार होतो, पण बाईंचा चेहरा इतका प्रसन्न होता की म्हटलं जाऊ दे. गप्प बसण्याचं बक्षीस म्हणून त्यांनी मलाच लॉनप्रमुख केलं, का, तर मी शेतकऱ्याचा मुलगा.

मग सुरू झाली चाकरी. हिच्या मुळाची एक कांडी, एक काशी मातीत राहिली म्हणून तुम्ही लहानपणी माझ्या पाठीत धपाटा घातला होतात, तिलाच मी कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून आलो की झारीने पाणी घालायचो. वाळू आणि शेणखत चाळून पसरायचं, युरियाची चिमूट टाकायची, मशीनने शेंडे कापायचे. थंडीत ही बया रुसून पिवळी पडली तर विजयश्रीबाईंनी ग्रुपवर मला जाहीर विचारलं, की लॉन आजारी आहे का. आता त्यांना कसं सांगू, की तिला मारायला तुम्ही हयात घालवलीत आणि तिचं काही बिघडलं नाही? पाडव्यानंतर ऊन तापलं तशी ती आपली आपण उठली, चहूकडे पाय पसरले, आणि अशी तुकतुकीत झाली की वाकडहून लोक फोटो काढायला येऊ लागले. मला खोटं कशाला, थोडा अभिमानही वाटायला लागला होता.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. वरून तिला ते सगळं हिरवं फडकं दिसायचं. पण गेल्या महिन्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी हिरवी पट्टी काढली, आणि मंगळवारी सकाळी, मी कंपनीत आणि तेजल बँकेत असताना, ती नव्या डोळ्यांनी खाली उतरली. तिने काय पाहिलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. पोराच्या दारात, भर वस्तीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माजलेली हरळी, आणि कुणाला लाज नाही, शरम नाही! वर गेली, गावाहून आणलेलं खुरपं पिशवीतून काढलं, पदर खोचला आणि बसली. वॉचमन आडवा आला तर त्याला म्हणाली, ‘व्हय बाजूला, तुझ्या मालकाचंच काम करतीया.’ त्याला वाटलं, सोसायटीनेच लावलेली बाई आहे. त्याने तिला प्यायला पाणी आणून दिलं.

मामा, संध्याकाळपर्यंत लॉन संपलं. ‘गवतावर चालू नये’ ही पाटी तेवढी उरली, मातीच्या मधोमध. आणि तुम्हाला आईचं काम माहीत आहे, तिच्या हाताखालून एक काशी सुटत नाही. शिवाय काढलेली हरळी पुन्हा धरू नये म्हणून तिने ती उन्हात पसरली. उन्हाची जागा पार्किंगमध्ये एकच, तिथे विजयश्रीबाईंची नवी पांढरी गाडी उभी होती, तर टपावर, काचेवर, बॉनेटवर, सगळीकडे नीट पातळ थर दिला.

मीटिंगमध्ये बाईंनी आईला बोलावून घेतलं. आईला वाटलं, सत्कार आहे. ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. समोरचे पडलेले चेहरे बघून म्हणाली, ‘शिकल्याली मानसं तुमी, आन् दारात हरळी माजू देता? लोक काय म्हनतील? आता रान मोकळं झालंय, मेथी टाका.’ तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे साहेबराव (बीडचे, कंपनीतून रिटायर, अळणी जेवणाला कंटाळलेले) उभे राहिले आणि त्यांनी शेपूची सूचना मांडली. झालं! सोसायटीत उभी फूट पडली, एक लॉनवाले आणि एक पालेभाजीवाले. शेवटी ठराव झाला तो असा, की लॉनप्रमुखाने स्वतःच्या हिमतीवर लॉन पूर्ववत करावं. अशा माणसाला घरात ठेवणं मला परवडायचं नाही. तेव्हा तिला लवकर घेऊन जा, ही कळकळीची विनंती.

मामींना नमस्कार, गाईला लांबूनच. लोभ आहेच, तो टेम्पोच्या या खेपेमुळे कमी होऊ देऊ नये.

तुमचा भाचा,
गोरक्ष

ता. क. : टेम्पो आणू नका. वरचं पत्र कालचं आहे, पण एवढं लिहिलेलं फाडवत नाही. टेम्पोऐवजी विहिरीच्या बांधावरची हरळी पोत्यांत भरून पाठवा, काशांसकट. आमच्या कंपनीची बस तुमच्या फाट्यावरून येते, ड्रायव्हर सुजित आपलाच आहे, हे पत्रही त्याच्याच हाती धाडतोय. पोत्यात काय, असं कुणी विचारलं तर त्याने ‘बर्म्युडा’ म्हणावं.

ता. क. दुसरा : एक गोष्ट वर गाळली. मंगळवारी मी कंपनीतून आलो तेव्हा अर्धं लॉन शिल्लक होतं. थांबवू शकलो असतो. पण आई मातीत बसून हरळीला अशा काही शिव्या देत होती, आणि तोंडावर असं तेज होतं, की मी वर जाऊन तिच्यासाठी चहा करून आणला. त्या दिवशी ती दोन भाकऱ्या जेवली. मला इतकं बरं वाटलं, मामा, की काय सांगू.

ता. क. तिसरा : लावणीचं मी ठरवलं आहे. आई दुपारी झोपली की पुढच्या बाजूला बाईंसाठी लावीन आणि मागच्या भिंतीकडे आईला खुरपायला. मध्ये मातीचा बांध घालून आईला सांगीन, की पुढचं रान विजयश्रीबाईंचं. दुसऱ्याच्या बांधापलीकडे ती पाऊल टाकत नाही. आज सकाळी गावी जायला भरलेली पिशवी दाराशी ठेवून ती खाली फेरी मारून आली आणि मला विचारलं, ‘परत फुटंल का रं ती?’ मी म्हटलं, हरळीच ती, फुटणार. तर पिशवीकडे बघत म्हणाली, ‘मंग मी रविवारी जाऊ कशी?’

पोती ओली करून पाठवा. वाटेत वाळू देऊ नका.