सटवाईपुढचा विळा

मढ, शुक्रवार

प्रिय अब्बांना जैबुन्निसाचा सलाम,

मी खुशाल आहे. भाकरी पोटभर मिळते, आणि बोलण्यापायी मला अजून कोणी गावाबाहेर काढलेलं नाही. अम्मीचा खोकला कमी आहे ना?

इथल्या वाड्यांवर बाळं आठवड्याच्या आत का दगावतात, हे शोधायला दवाखान्याने मला पाठवलं. घरोघरी आयांनी तेच सांगितलं: बाळाचा जबडा आवळतो, ते दूध सोडतं, मग सटवाई नेते. अब्बा, सटवाई नाही, धनुर्वात नेतो! गवत कापतात त्याच मळक्या विळ्याने नाळ कापतात.

चावडीवर मी कडाडून बोलले. म्हातारी सुईण अंबाबाई म्हणाली, "बाई, लई झ्याक बोलता. पन नाळ काय भाषनानं कापायची?" सगळे हसले, मीही हसले. मग विचारलं, "पाचवीला हाच विळा सटवाईपुढे पुजता ना? शेणाने माखलेला, बिनआंघोळीचा तिला चालतो?"

 "न्हाई चालत," अंबाबाई म्हणाली.

इथल्याच एका वाडीवरच्या बायडाबाईची दोन बाळं अशीच गेली होती. या सोमवारी, तिसऱ्याच्या वेळी, अंबाबाईने स्वतः विळा उकळत्या पाण्यात घातला. एका बाळाने काही सिद्ध होत नाही, पण आता सगळ्या वाड्यांवर हेच करायचं आणि किती बाळं जगतात ते मोजायचं. ही चाल मी बदलणारच.

ईदला मात्र येत नाही. बाळाचा आठवडा अजून सरायचा आहे. रोज सकाळी जाऊन ते दूध ओढतंय ना, एवढं बघते. आज बायडाबाईने नवऱ्याला पाळणा आणायला धाडलं. त्या घरात पाळणा पहिल्यांदाच येतोय.

तुमच्या दुआंची हक्कदार,
जैबू